पांढरीच्या खाली

आमच्याकडे गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, चुलींची राख साठली, त्यातून पांढरीचं टेकाड झालं. इतिहास शोधायचा तर पांढरी खणायची, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही हौशी संशोधकाला पहिल्या दिवशी कळतं. आमच्या जालना जिल्ह्यात भोकरदनला १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातलं भोगवर्धन नगर वर आलं. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं नातं थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी जोडलं गेलं. मीही अशाच वेडापायी पंचवीस वर्षं टेकाडं तुडवली, खापरं गोळा केली.

पण उत्खनन करणारे एका ठिकाणी थांबतात. माणसाच्या हाताची एकही खूण नसलेली माती लागली, की वहीत ‘मूळ जमीन’ अशी नोंद करून खड्डा बंद करतात. त्या मूळ जमिनीलाही इतिहास असतो, हे मला फार उशिरा कळलं. काळी आणि पांढरी या दोन्हींच्या खाली नदीकाठाला एक तिसरी माती आहे. ती पिवळसर आहे, चुनखडीच्या खड्यांनी भरलेली आहे. तिच्यात माणसाची घरं नाहीत, जनावरांची हाडं आहेत. हा लेख त्या हाडांविषयी आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही.

वाळूतला दात

२००३ साली अंबडला आम्ही घर बांधायला काढलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जिनिंगमध्ये हिशेबनीस. वाळू गोदावरीची, शहागडच्या बाजूनं ट्रॅक्टरनं आलेली. चाळणी मारताना गवंड्यानं एक गोटा बाजूला काढला आणि मला हाक मारली.

“भाऊ, हे बघा बरं. गोटा नाही हे, दात हाय. म्हशीचा असंल.”

हातात घेतला तर वजनानं चमकलो. वीतभराहून लहान, तपकिरी-काळपट, एका अंगाला दगडगोट्यांचे बारीक कण चुन्यासारख्या पांढऱ्या लेपानं घट्ट चिकटलेले. नखानं वाजवला तर हाडासारखा बद्द नाही, कौलासारखा खणखणीत वाजला. आई ओट्यावरून म्हणाली, “राक्षसाचा दात असंल बाबा. घरात ठेवू नको, गंगेत सोडून ये.” आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

मी तो गंगेत सोडला नाही. त्याहून वाईट केलं. दात स्वच्छ दिसावा म्हणून फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी पांढरा लेप विरघळून गेला होता, गोटे सुटून बादलीच्या तळाला बसले होते. दात मात्र चकचकीत झाला होता. ते पाणी मी मोरीत ओतलं.

पुढच्या वर्षी तो रुमालात गुंडाळून पुण्याला एका जाणकारांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि क्षणात सांगितलं, “जीवाश्म आहे. गोकुळातला प्राणी आहे, वरच्या जबड्याची दाढ.” मी हरखलो. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. कुठल्या गावच्या घाटावर मिळाला? किती खोलीवर, कुठल्या थरात? अंगाला काय चिकटलेलं होतं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ट्रॅक्टरवाल्याकडे होती. वाळू रात्रीची असल्यानं तो जागा सांगायला तयार नव्हता. तिसऱ्याचं उत्तर मी स्वतः मोरीत ओतलं होतं. त्यांनी दात परत रुमालात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “याला पत्ता नाही हो. पत्ता नसलेलं हाड म्हणजे पाकीट हरवलेलं पत्र. मजकूर दिसतो, पण कुणी, कुठून, केव्हा धाडलं ते कळत नाही.”

एसटीनं परत येताना मला माझी लाज वाटत होती. त्या लाजेतूनच पुढचा अभ्यास सुरू झाला.

कंसातलं प्रश्नचिन्ह

गोदावरीच्या हाडांची दखल दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतली गेली आहे, आणि तीही आमच्या जिल्ह्याच्या वरच्याच अंगाला. पैठणच्या जोडीनं जिचं नाव घेतात ती मुंगी आज शेवगाव तालुक्यात येते. निंबार्काचार्यांचं जन्मस्थान म्हणून परंपरा तिला ओळखते. १८६५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. वाइन यांना मुंगीजवळ, गोदावरीच्या हाडं असलेल्या गोट्यांच्या थरात, अकीक दगडाचं एक छिलका-हत्यार मिळालं. त्याआधी दोनच वर्षं, १८६३ मध्ये, रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार सापडलं होतं. आणि १८५९ साली फ्रान्समधल्या सोम नदीच्या थरांत नामशेष जनावरांच्या हाडांसोबत माणसानं घडवलेली हत्यारं मिळतात, हे युरोपातल्या विद्वानांनी नुकतं कुठं मान्य केलं होतं. म्हणजे पृथ्वीवर माणूस किती जुना, हा त्या काळातला सगळ्यांत तापलेला प्रश्न होता आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा निजामाच्या मुलखाच्या सीमेवर, गोदेच्या दरडीत पडला होता.

सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये त्या छिलक्यावर टिपण प्रसिद्ध केलं. त्याच्या शीर्षकात, थराचं वय सांगणाऱ्या ‘प्लायोसीन’ या शब्दापुढे त्यांनी कंसात प्रश्नचिन्ह टाकलं आहे. मी ते शीर्षक पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या चिन्हाकडे बघत बसलो. एवढा मोठा अधिकारी, आणि शीर्षकातच सांगतो की वयाची खात्री नाही. ते प्रश्नचिन्ह योग्यच ठरलं. प्लायोसीन काळ सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी संपला, आणि गोदेचे हे थर त्यानंतरच्या प्लाइस्टोसीन काळातले आहेत, असं आता मानलं जातं.

आता कुणी विचारेल, जालन्याच्या काळ्या खडकात हाडं का नाहीत? आपला दख्खनचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो थिजला तेव्हा आपण ज्यांची गोष्ट करतो आहोत ती जनावरं जन्मालाही यायची होती. हाडं टिकतात ती या कातळाला कोरून नदीनं नंतर जे आणून टाकलं त्यात. तळाला कातळ, त्यावर चुन्यानं सांधलेले दगडगोटे, त्यावर वाळू आणि पिवळसर गाळ, सगळ्यांत वर काळी. बेसाल्ट झिजला की त्यातला चुना पाण्यात उतरतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो खड्यांच्या रूपानं साचतो. मेलेलं जनावर गाळात लवकर गाडलं गेलं, तर हाच चुना हाडाच्या भोकाभोकांत शिरून त्याला जड करतो. मी ॲसिडमध्ये विरघळवला तो हा चुना. हाड कुठल्या थरातलं याची तीच एक खूण उरली होती.

नदीकाठचा बाजार

या काठांवर कोण कोण होतं? सर्वांत मोठा तो हत्ती. शास्त्रीय नाव पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस, म्हणजे नर्मदेचा. नर्मदेच्या हाडांवरून फाल्कनर आणि कॉटली यांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव दिलं. गोदावरीतला त्याचा नमुना नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ मिळाला आणि जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यावर सविस्तर लिहिलं. आज तिथं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. दुर्बीण घेऊन येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की याच पाण्याकाठी कधी कपाळावर जाड आडवा कंगोरा असलेले सरळ सुळ्यांचे हत्ती उतरत होते?

हा हत्ती आपल्या आजच्या हत्तीचा पूर्वज नव्हे, भाऊबंदांपैकी एक. आजचा नर खांद्याशी सरासरी पावणेतीन मीटरच्या आसपास भरतो. याचे मोठे नर चार मीटरच्या वर जात. २०१६ साली आसिएर लारामेंदी या स्पॅनिश अभ्यासकानं मांडीच्या हाडाच्या एका जुन्या नोंदीवरून एका नराची उंची ५.२ मीटर आणि वजन २२ टन काढलं. तसं असेल तर जमिनीवर चाललेल्या सस्तन प्राण्यांत तो सर्वांत मोठ्यांपैकी एक ठरेल. पण तो अंदाज तुटक्या हाडाच्या वर्णनावर उभा आहे, हे लारामेंदी यांनीच बजावून ठेवलं आहे. पुन्हा कंसातलं प्रश्नचिन्ह.

दुसरा पाणघोडा. हो, मराठवाड्यात पाणघोडा. आज निसर्गतः फक्त आफ्रिकेत आढळणारं हे जनावर मांजरा खोऱ्यात होतं. लातूर जिल्ह्यात हरवाडीच्या परिसरात आणि मांजरेकाठच्या इतर ठिकाणी डेक्कन कॉलेजच्या परंपरेतल्या संशोधकांनी जीवाश्म गोळा केले आहेत. आपल्याकडच्या पाणघोड्याच्या पुढच्या दातांची संख्या सहा, म्हणून त्याचं नाव हेक्झाप्रोटोडॉन. पाणघोड्याला बारमाही डोह लागतो, दिवसभर अंग बुडवून राहायला. ज्या मांजरेच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तिथं पाणघोडे राहत होते, हे वाक्य मी कुठल्याही व्याख्यानात म्हटलं की सभागृह क्षणभर गप्प होतं.

याशिवाय रानघोडा होता, हरणं होती, सुसरी-मगरी होत्या. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ फूट यांना गेंड्याचे अवशेष मिळाले आणि १८७४ साली त्यांनी त्या गेंड्याला ‘दख्खनचा’ असं नाव दिलं. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. भारतातल्या अशा कवचांतला डीएनए तपासून ती खरोखर शहामृगाचीच आहेत, हे हैदराबादच्या प्रयोगशाळेनं २०१७ मध्ये दाखवून दिलं.

आणि रानबैल. बॉस नामाडिकस. लांब शिंगांचा, भक्कम हाडाचा. ह. धी. सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवाशाला १९५४ पासून उत्खनन केलं, त्या भागात अश्मयुगीन हत्यारं आणि जनावरांचे जीवाश्म यांचा एकत्र विचार त्यांनीच पहिल्यांदा नीट मांडला. पुढे गो. ल. बदाम यांचा भारताच्या प्लाइस्टोसीन प्राण्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १९७९ साली डेक्कन कॉलेजनं काढला. शब्दकोश शेजारी ठेवून तो वाचायला मला दोन पावसाळे लागले. वाचून झाल्यावर माझ्या दाताकडे नव्यानं पाहिलं. रानबैल की रानरेडा, एवढ्यावर तो अडतो. पण घर कुणाचं, हे कळलं होतं.

गेले कुठं?

एवढी मोठी जनावरं गेली कुठं? लोक पटकन उत्तर देतात, हवामान बदललं. मलाही तेच वाटे. पण हवामान त्याआधी अनेकदा बदललं होतं. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर टोबा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला, त्याची राख भारतातल्या नद्यांच्या गाळात आजही सापडते. त्यानंतरही ही जनावरं होतीच.

अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या या नोंदी एकत्र करून २०२१ मध्ये जे मांडलं, ते असं: नामशेष होण्याची ही लाट साधारण ३० हजार वर्षांपूर्वीपासूनची, आणि ती नुसत्या हवामानाशी जुळत नाही, माणसाच्या वावराशी जुळते. आधुनिक माणूस इथं आला, पसरला. मोठं जनावर सावकाश वाढतं, हत्तीण चार-पाच वर्षांत एकदा विते. अशा जातीतली वर्षाला थोडी जास्त जनावरं मेली, तरी काही हजार वर्षांत ती संपते. पाणघोड्याची अखेर वेगळी. त्याची सर्वांत अलीकडची नोंद सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीची आहे. मधल्या हिमयुगाच्या ऐन भरात पावसाळा मंदावला होता, नद्यांचे डोह आटले होते. पाण्याच्या उरल्यासुरल्या जागी माणूस आणि पाणघोडा समोरासमोर आले असतील. कोरड्या वर्षात डोहावर कोण टिकतो, हे आम्हा मराठवाड्याच्या लोकांना समजावून सांगायला नको.

पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. उत्तर अमेरिकेत मोठ्या सस्तन प्राण्यांच्या ७० टक्क्यांच्या आसपास प्रजाती याच सुमाराला गेल्या. आपल्याकडे मोजक्याच गेल्या. हत्ती राहिला, गेंडा राहिला, गवा राहिला, वाघ राहिला. जुकर यांच्या म्हणण्यानुसार, आफ्रिकेप्रमाणे इथंही माणूस आणि जनावरं फार काळ एकमेकांच्या शेजारी होती, म्हणून जनावरं माणसाला ओळखून होती. आमच्याकडे रोही रात्री तुरीत शिरतात आणि शेतकरी वैतागतो, त्याचा वैताग खरा आहे. पण या रोह्यांच्या कुळातले प्राणी प्लाइस्टोसीनच्या थरांतही मिळतात. हत्ती आणि पाणघोडा ज्यातून वाचले नाहीत, त्यातून तरलेलं हे जनावर आहे. बांधावर उभा राहून मी ते एकदा एका शेतकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “दादा, मग त्याला माझ्याच तुरीत कामून धाडलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि रानबैल? तो नामशेष झाला आणि झालाही नाही. रानात तो संपला, पण त्याचे वंशज आपल्या गोठ्यात उभे आहेत. वशिंडाची भारतीय गाय या रानबैलापासूनच माणसाळवली गेली. तिचा सर्वांत जुना पुरावा बलुचिस्तानातल्या मेहरगढचा, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा. लातूरची देवणी, नांदेडची लाल कंधारी ही त्याच वंशाची लेकरं. म्हणजे गोदाकाठच्या त्या बाजारातून जे जनावर माणसाशी जोडलं गेलं, त्याचं नाव रानातून पुसलं गेलं तरी रक्त राहिलं. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या गल्लीत पोळ्याला बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. रानातून गेलेला हा प्राणी आता गोठ्यातूनही निघाला आहे, याचा विचार मला अलीकडे जास्त छळतो.

पत्ता

१९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झालं. त्यानंतर पैठणच्या खाली गोदेचं पात्र वर्षातले बरेच दिवस उघडं पडू लागलं. बांधकामं वाढली, वाळूला भाव आला. यंत्र आधी वरची वाळू काढतं, मग खालच्या गोट्यांच्या थराला हात घालतं. नदीनं हजारो वर्षांत एकावर एक लावलेली पानं एका रात्रीत उलटीसुलटी होतात. जीवाश्म त्यातूनही बाहेर येतात, येत राहतील, पण माझ्या दातासारखे, पत्ता नसलेले. शंभर ट्रॉल्या वाळूतले शंभर दात एकत्र केले, तरी शहागड किंवा गोंदीच्या थरातला एक दात जे सांगेल, ते सांगणार नाहीत.

म्हणून गेली काही वर्षं मी एकच काम करतो. गवंडी, वीटभट्टीवाले, विहीर खणणारे, गुराखी, जो भेटेल त्याला सांगतो. हाडासारखं दिसणारं पण दगडासारखं जड काही दिसलं, तर आधी उचलू नका. फोनवर फोटो काढा, शेजारी काडीपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल. गाव, घाट, दरडीच्या माथ्यापासून किती हात खाली, हे लिहून ठेवा. धुऊ नका. ॲसिड तर नकोच. मग जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला कळवा. बहुतेक वेळा परवाच मेलेल्या म्हशीचं हाड निघतं. गवंडी हसतात, मीही हसतो. पण आता त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी खिशात पेन्सिल ठेवायला सुरुवात केली आहे.

दात माझ्याकडेच आहे. आई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. गंगेत सोडून ये, असं ती म्हणायची थांबली. गेल्या पोळ्याला तिनं मातीच्या बैलांची पूजा केली, तेव्हा मी काही न बोलता दातही पाटावर ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यालाही हळदीचं बोट लावलं. “ह्यांच्यातलाच ना?” एवढंच विचारलं.

पूजा झाल्यावर मी तो पुसला नाही. डबीत ठेवला आणि तिच्यातली जुनी चिठ्ठी बदलली. आधी मी ऐटीत लिहिलं होतं, ‘रानबैलाची दाढ, शहागड’. नव्या चिठ्ठीवर ओल्डहॅम यांच्याकडून शिकलेलं लिहिलं:

गोकुळातला प्राणी, वरची दाढ. गोदावरी, शहागडजवळ (?).

हळद लागली आहे, तीही खाली नोंदवली.